मुख्याध्यापकाला कारकून करून शाळा कशी सुधारेल?

महानगरपालिकेच्या शाळांचा विषय निघाला की चर्चेची गाडी हमखास शिक्षकापाशी येऊन अडते. शिक्षक शिकवत नाहीत, त्यांना पगार भरपूर मिळतो, त्यांची स्वतःची मुले मात्र इंग्रजी शाळेत जातात, ही वाक्ये परळच्या चहाच्या टपरीपासून दादरच्या सभागृहापर्यंत सारखीच ऐकू येतात. या तक्रारीत काहीच तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु गिरणीतला माल खराब निघाला तर आपण फक्त साचेवाल्याला दोष देत नव्हतो. जॉबर कसा होता, सूत कसले दिले होते, यंत्राला तेल कोण घालत होता, हेही विचारत होतो. मग शाळेच्या बाबतीतच एकट्या शिक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून आपण घरी का जातो?

शिक्षक कोणाच्या हाताखाली काम करतो, त्याच्या चांगल्या कामाची दखल कोण घेतो, वाईट कामाबद्दल त्याला कोण जाब विचारतो आणि अडचणीत त्याच्या पाठीशी कोण उभा राहतो, हा खरा प्रश्न आहे. या चारही प्रश्नांचे उत्तर एकाच खुर्चीपाशी मिळते. ती खुर्ची मुख्याध्यापकाची. आणि गेल्या काही वर्षांत ही खुर्ची एक तर रिकामी ठेवली गेली आहे किंवा तिच्यावर बसणाऱ्याला कारकून करून टाकले आहे. याची किंमत कोण मोजतो? ज्याला दुसऱ्या शाळेत जायची ऐपत नाही, तो मोजतो.

गिरणगावातील सक्तीचे शिक्षण

परळ, लालबाग, नायगाव, दादर, वरळी हा भाग शिक्षणाच्या इतिहासात मागे पडलेला नाही. मुंबई शहरात सक्तीचे प्राथमिक शिक्षण प्रथम लागू झाले ते १९२५ साली, तेव्हाच्या एफ आणि जी या विभागांत, म्हणजे नेमके याच कामगार वस्तीत. बीडीडी आणि बीआयटी चाळींतल्या मुलांना शाळेत आणण्यासाठी महापालिकेने पाऊल उचलले ते इथे. कोकणातून, घाटावरून पोट भरायला आलेल्या आणि गावात शाळेच्या पायरीवरही ज्याला जागा नव्हती त्या माणसाचे मूल इथे पाटीवर अक्षर गिरवू लागले.

या शाळांनी काय घडवले याचा एक दाखला पुरे आहे. कविवर्य नारायण सुर्वे यांना जन्मतःच रस्त्यावर सोडून दिले होते. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी त्यांना वाढवले. गिरणीत राबल्यावर ते महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले, सातवीची परीक्षा पास झाले आणि पुढे महापालिकेच्याच शाळेत शिक्षक झाले. शिपायाला शिक्षक करू शकणारी शाळा ही आपल्या देशात लहान गोष्ट नव्हे. जिथे जन्मावरून काम ठरते तिथे ती क्रांतीच असते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगावाची घडी विस्कटली. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, मॉल आले. ज्याला परवडले नाही तो कल्याण, बदलापूर, विरारकडे गेला. मध्यमवर्गाने महापालिकेच्या शाळांकडे पाठ फिरवली. आता बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे आणि कुटुंबे पुन्हा इकडून तिकडे हलत आहेत. महापालिकेच्या शाळेत आज कोण उरले आहे? सफाई कामगाराचे, घरकाम करणाऱ्या बाईचे, वॉचमनचे, पदपथावर भाजी विकणाऱ्याचे आणि परप्रांतातून आलेल्या मजुराचे मूल. म्हणजेच ज्या समाजासाठी १९२५ साली सक्ती लागू झाली, त्याच समाजाची मुले शंभर वर्षांनंतरही याच बाकांवर बसली आहेत. म्हणून या शाळेचा मुख्याध्यापक कसा आहे, हा आपल्या घरचा प्रश्न आहे.

जोतिराव फुले यांनी १८८२ साली काय सांगितले?

शिक्षकाला काम करावेसे का वाटते, या विषयावर आज मोठमोठे ग्रंथ आहेत. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९५९ चा सिद्धांत बी.एड. आणि व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात शिकवला जातो. पगार आणि कामाची परिस्थिती चांगली नसेल तर माणूस असंतुष्ट होतो, पण केवळ पगाराने तो झटून काम करू लागत नाही. त्यासाठी कामाची कदर, जबाबदारी आणि प्रगतीची संधी लागते, असे त्याचे थोडक्यात सांगणे आहे.

यापूर्वी ७७ वर्षे, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, महात्मा जोतिराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले ते काढून वाचावे. प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातून आलेला आणि प्रशिक्षित असावा, म्हणजे तो लोकांत मिसळेल आणि त्यांच्या गरजा ओळखेल, असे त्यांनी सांगितले. त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा आणि मोठ्या गावात तो पंधरा ते वीस रुपये असावा, अशी मागणी केली. गावाच्या कारभारात त्याला स्थान द्यावे, म्हणजे त्याची प्रतिष्ठा वाढेल, असे सुचवले. जो शिक्षक जास्त मुले पास करील त्याला उत्तेजन म्हणून पगाराव्यतिरिक्त खास भत्ता द्यावा, असेही मांडले. आणि तपासनिसाविषयी तर त्यांनी स्पष्टच सुनावले होते की, वर्षातून एकदा येऊन जाणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरच्या भेटीचा म्हणण्यासारखा काही उपयोग नाही, शाळांची तपासणी किमान तीन महिन्यांतून एकदा तरी झाली पाहिजे.

पोटापुरता पगार, समाजात मान, चांगल्या कामाला उत्तेजन आणि जवळून देखरेख. जोतिरावांच्या या चार मागण्यांत शिक्षकाच्या प्रेरणेचे सगळे शास्त्र आले. याच निवेदनात त्यांनी आणखी एक इशारा दिला होता. निकाल पाहून शाळेला अनुदान देण्याची पद्धत गरीब आणि अज्ञानी समाजात शिक्षण पसरवण्यासाठी योग्य नाही. कारण ज्या समाजात अजून शिक्षणाची गोडी लागलेली नाही, तिथे निकालावर पोट भरायला कोणी शाळा काढणार नाही. म्हणजे शिक्षकाला शाबासकी द्या, पण गरिबाच्या शाळेला निकालाच्या तागडीत टाकून उपाशी मारू नका, हा विवेक त्यांच्याकडे होता. आजच्या किती शिक्षणतज्ज्ञांकडे तो आहे?

शंभरातले ब्याऐंशी

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. तेव्हा ते परळच्या पोयबावडीतील बीआयटी चाळीत राहत होते. त्यांनी सभागृहापुढे आकडा ठेवला की, प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत ढकलली जातात. शाळेत पाऊल टाकलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, यासाठी प्राथमिक शिक्षण असते, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी पटावरची संख्या मोजून समाधान मानले नाही. मूल शाळेत टिकले का, शिकले का, हे त्यांनी मोजले.

आज मुले शाळेत टिकतात, कारण कायदा आहे, खिचडी आहे, गणवेश आहे. परंतु चौथीतल्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नसेल, तर तो पटावर असूनही त्या ब्याऐंशींपैकीच एक आहे. हे मूल पकडायचे कोणी? वर्गशिक्षकाने, हे खरे. पण चार वर्गशिक्षक बदलले तरी शाळेत राहतो आणि अमुक मूल दुसरीपासून मागे आहे हे ज्याला माहीत असते, तो मुख्याध्यापक.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत याच शहरात दोन प्रसंग घडले. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. ते बाटू नयेत म्हणून मुलांनी धावत जाऊन आधी डबे बाजूला केले आणि मगच भीमराव फळ्यापाशी जाऊ शकले. दुसरा प्रसंग गिरगावचा. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचत बसणाऱ्या या मुलाकडे विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे लक्ष गेले. मुलगा त्यांच्या शाळेतला नव्हता, त्यांच्या जातीचा नव्हता, त्याला शिकवल्याबद्दल त्यांना एक पैसाही मिळणार नव्हता. तरी त्यांनी त्याला पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा झालेल्या सत्कारात स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले आणि पुढे सयाजीराव गायकवाड महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळावी म्हणून खटपट केली.

केळुसकर गुरुजींना कोणत्या भत्त्याने प्रेरणा दिली होती? ती त्यांच्या अंतःकरणात होती, त्यांच्या सत्यशोधकी विचारात होती. असे शिक्षक आजही आहेत. पण केळुसकर दर वर्गात निघतील या भरवशावर समाजाचे शिक्षण सोडता येत नाही. पहिल्या प्रसंगात शिक्षकाने तर मुलाला फळ्याकडे बोलावलेच होते. अडथळा होता तो डब्यांचा, म्हणजे शाळेत रूढ झालेल्या रीतीचा. डबे कुठे ठेवायचे, कोणाला पुढच्या बाकावर बसवायचे, पाणी कोणी कुठे प्यायचे, ही रीत एकटा शिक्षक मोडू शकत नाही. ती मोडण्याचा अधिकार शाळाप्रमुखाचा असतो. चांगला शिक्षक एका मुलाला हात देतो. चांगला मुख्याध्यापक शाळेची रीत बदलतो, म्हणून साधा शिक्षकही चांगला वागू लागतो.

आज डबे हलवण्याची पद्धत गेली असेल, पण तिची भावंडे जिवंत आहेत. ‘या वस्तीतली मुले, यांच्याकडून काय होणार?’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत उच्चारले जाते. मुख्याध्यापक ते ऐकून हसला, तर वर्षभरात ते सगळ्या शाळेचे धोरण होते. त्याने तिथल्या तिथे टोकले, तर बोलणारा पुढच्या वेळी दहादा विचार करतो. शाळेचे नेतृत्व असे रोजच्या बोलण्यातून चालते, त्याला परिपत्रक लागत नाही.

मुख्याध्यापकाचा दिवस कुठे जातो?

मुख्याध्यापकाचे मूळ काम काय? शिक्षकांच्या वर्गात जाऊन पाठ पाहणे, लॉगबुकात नोंद करणे, नव्या शिक्षकाला हाताला धरून शिकवणे, मागे पडलेल्या मुलांची यादी करून तिचा पाठपुरावा करणे, पालकांशी बोलणे. केनेथ लीथवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन निष्कर्ष काढला की, शाळेच्या आत मुलाच्या शिकण्यावर सर्वाधिक परिणाम वर्गातील अध्यापनाचा होतो आणि त्याच्या खालोखाल शाळेच्या नेतृत्वाचा.

प्रत्यक्षात काय चालते? आलेला तांदूळ किती, शिजला किती, खिचडीची चव कोणी घेतली याची नोंद करा. महापालिका विद्यार्थ्यांना २७ शालोपयोगी वस्तू मोफत देते. ही योजना चांगलीच आहे, पण त्या मोजून घेणे, वाटणे आणि सह्या घेणे मुख्याध्यापकाच्याच गळ्यात. यूडायसची माहिती भरा, सरल पोर्टलवर मुलांचे आधार जुळवा, पगारासाठी शालार्थ पाहा. ‘आजच दुपारी तीनपर्यंत माहिती पाठवा’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि शिकवणारा शिक्षक वर्ग सोडून तक्ता भरायला बसतो. बहुतेक प्राथमिक शाळांना स्वतंत्र कारकून नसतो, म्हणून मुख्याध्यापकच कारकून होतो आणि हाताखालच्या शिक्षकाला अर्धवेळ कारकून करतो.

वरून निवडणुकीचे काम. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतात. परंतु या ‘एवढीच’मध्ये किती दिवस मावतात हे मतदार यादीच्या कामाला जुंपलेल्या शिक्षकाला विचारावे. एका पाचशिक्षकी शाळेतले दोन शिक्षक महिनाभर बाहेर असतील तर उरलेल्या तिघांना दोन-दोन वर्ग एकत्र बसवावे लागतात. मुख्याध्यापक वरिष्ठांना नाही म्हणू शकत नाही. जो आपल्या शिक्षकांना वाचवू शकत नाही, त्याच्या शब्दाला शिक्षकांच्या लेखी काय किंमत राहणार?

दीडशेच्या अटीचे दुष्टचक्र

याहून गंभीर गोष्ट कायद्याच्या परिशिष्टातच आहे. प्राथमिक शाळेत १५० हून अधिक मुले असतील तर मुख्याध्यापकाचे स्वतंत्र पद, सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून अधिक मुले असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, असे तिथे म्हटले आहे. पट त्याखाली गेला की ज्येष्ठ शिक्षकाकडे ‘प्रभार’ सोपवला जातो. तो स्वतःचा वर्गही सांभाळतो आणि शाळाही.

आता हे गिरणगावाला लावून पाहा. मराठी माध्यमाचा पट वर्षानुवर्षे घसरतो आहे. महापालिकेच्या एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा निरनिराळ्या माध्यमांच्या शाळा भरतात. प्रत्येकीचा पट वेगळा, प्रमुख वेगळा. पट घसरला की मुख्याध्यापक जातो. मुख्याध्यापक गेला की शाळेला कोणी वाली उरत नाही. वाली नसलेल्या शाळेत पालक मूल घालत नाहीत. म्हणजे पट आणखी घसरतो. मग एक दिवस शेजारच्या शाळेत विलीनीकरण आणि इमारतीच्या मोक्याच्या भूखंडावर कोणाची नजर! मुलांअभावी शाळा बंद पडली असे सांगितले जाते. आधी तिचा कारभारी काढून घेतला होता, हे कोणी सांगत नाही.

वास्तविक लहान आणि पडझड झालेल्या शाळेलाच सर्वांत खंबीर मुख्याध्यापकाची गरज असते. आजारी माणसाचा डॉक्टर काढून घ्यायचा आणि धडधाकट माणसाला दोन डॉक्टर द्यायचे, असला हा न्याय आहे.

पगार, दंडुका आणि बक्षीस

शिक्षक कामावर येत नाहीत यावर देशातला एक मोठा अभ्यास मायकेल क्रेमर, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. २० राज्यांतल्या सुमारे ३,७०० शाळांना न सांगता भेटी दिल्या, तेव्हा सरकारी प्राथमिक शाळांतले २५ टक्के शिक्षक गैरहजर आढळले. महाराष्ट्र त्यात सर्वांत बरा होता, इथले प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होते. पगार जास्त म्हणून हजेरी जास्त असे दिसले नाही. उलट जास्त पगाराचे मुख्याध्यापकच इतरांपेक्षा अधिक गैरहजर होते. जिथे नुकतीच तपासणी झाली होती, जिथे इमारत आणि सोयी बऱ्या होत्या, तिथे शिक्षक अधिक हजर होते. आणि सुमारे ३,००० सरकारी शाळांपैकी फक्त एका ठिकाणी मुख्याध्यापकाने वारंवारच्या गैरहजेरीबद्दल शिक्षकाला काढल्याचे सांगितले. म्हणजे जाब विचारायचा तो स्वतःच जागेवर नाही, आणि असला तरी त्याच्या हाती काही नाही.

बक्षिसाचे काय? आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत मुलांच्या प्रगतीप्रमाणे शिक्षकांना बोनस देऊन पाहिला. बोनस सरासरी वार्षिक पगाराच्या ३ टक्क्यांच्या आसपास होता, तरी मुलांचे गुण लक्षणीय वाढले. हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला आणि तो नाकारण्याचे कारण नाही. जोतिरावांनी उत्तेजनाचा भत्ता मागितलाच होता. पण त्यांच्या मागणीत भत्ता शेवटी येतो, आधी पोटापुरता पगार आणि मान येतो. आपल्याकडे क्रम उलटा आहे. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काढायची. हे मानधन प्राथमिकसाठी कित्येक वर्षे ६,००० रुपये होते, जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झाले. मुंबईत १६,००० रुपयांत भाडे भरून, लोकलचा पास काढून जो तरुण वर्गात उभा राहतो, त्याला प्रेरणेची व्याख्याने कोणत्या तोंडाने द्यायची?

नोकरीत मुरलेल्यांचीही झोप उडाली आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण झाले पाहिजे. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे ते नोकरीत राहू शकतील, पण टीईटीशिवाय त्यांना पदोन्नती नाही. गुणवत्तेचा आग्रह रास्तच आहे. तथापि वीस वर्षे शिकवलेल्या शिक्षकाला परीक्षेच्या भीतीने गाईड घेऊन बसावे लागत असेल, तर त्याला अभ्यासाला वेळ देणारा आणि धीर देणारा मुख्याध्यापक शाळेत हवा. नुसत्या भीतीने शिक्षक स्वतःपुरते पाहायला शिकतो आणि मूल दुसऱ्या क्रमांकावर जाते.

खुर्चीवर कोण बसणार?

प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक आपल्याकडे प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेने होतो. त्याला नेतृत्वाचे शिक्षण कधी दिले जाते? दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन विद्यापीठात २०१२ साली शाळा नेतृत्वासाठी स्वतंत्र केंद्र उघडले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मुख्याध्यापकांना वर्षाला ५० तास प्रशिक्षण सांगितले. हे तास वर्गनिरीक्षण आणि शिक्षकांशी वागणूक शिकवण्यात गेले तर उपयोग. पोर्टल कसे भरायचे यातच गेले, तर कारकुनीचे प्रमाणपत्र तेवढे मिळेल.

दुसरा प्रश्न आपण उघडपणे विचारला पाहिजे. पदोन्नतीतील आरक्षणाचा २५ मे २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द केला. ७ मे २०२१ च्या निर्णयाने राज्य सरकारने पदोन्नतीची पदे सेवाज्येष्ठतेने भरण्याचे ठरवले. ज्या शाळेतली बहुसंख्य मुले मागासवर्गीय आहेत, तिथे प्रमुखाच्या खुर्चीवर त्यांच्यातले कोणी दिसेनासे झाले तर मुलांनी काय समजायचे? आणि आपण कधी मुख्याध्यापक होऊ शकतो ही आशाच संपलेल्या शिक्षकाने कशाच्या जोरावर जीव ओतून काम करायचे? शिक्षक लोकांत मिसळणारा, त्यांच्या गरजा जाणणारा असावा, हे जोतिरावांचे म्हणणे मुख्याध्यापकाला तर अधिकच लागू पडते. अर्थात केवळ जातीने कोणी चांगला मुख्याध्यापक होत नाही, हेही आपण स्वतःला बजावले पाहिजे. आपल्यातला एखादा खुर्चीवर बसल्यावर आपल्याच वस्तीतल्या पालकाला दारात तासभर ताटकळत ठेवतो, तेव्हा त्यालाही जाब विचारला पाहिजे.

सातारचा धडा

हे सगळे बदलू शकते काय? बदलू शकते, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. भीमराव ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या साताऱ्यात शाळेत दाखल झाले, त्याच सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. शिक्षक तेच, पगार तोच, मुले शेतकऱ्यांची आणि मजुरांची. तपासणीला येणारी अधिकारी शिक्षकांसोबत जमिनीवर बसून मूल कसे शिकते यावर बोलू लागली, तेव्हा तेच शिक्षक वर्गाच्या फरशीवर आखणी करून, खडे-बिया-काड्या घेऊन शिकवू लागले. राज्यभरातून शिक्षक या शाळा पाहायला गेले. पुढे २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि कुमठ्याचे नाव सर्वतोमुखी झाले.

त्यानंतर जे झाले तेही शिकण्यासारखे आहे. अनेक शाळांनी फरशीवरच्या आकृत्या तेवढ्या रंगवून घेतल्या. फोटो काढले, वर पाठवले आणि काम संपले. रंग पोहोचला, बसून बोलणारा अधिकारी पोहोचला नाही. नेतृत्वाची नक्कल रंगाच्या डब्याने होत नाही.

मग करायचे काय?

मुंबई महानगरपालिकेला प्राथमिक शिक्षण हे १८८८ च्या अधिनियमाने बंधनकारक कर्तव्य आहे. ती काही मेहेरबानी करत नाही. म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पट कितीही असो, प्रत्येक शाळेला पूर्णवेळ मुख्याध्यापक हवा, प्रभारी नको. एका इमारतीतल्या सर्व शाळांना मिळून तरी कारकून आणि संगणकावर माहिती भरणारा माणूस द्यावा. मुख्याध्यापकाने रोज किमान एका शिक्षकाचा पाठ पूर्ण पाहावा आणि विभाग निरीक्षकाने शाळेत आल्यावर आधी लॉगबुक उघडावे, खिचडीची वही नंतर. चांगले काम करणाऱ्या शिक्षकाचे नाव मुख्याध्यापकाच्या शिफारशीने पुढे जावे आणि कामचुकाराबद्दलचा त्याचा अहवाल कपाटात पडून राहू नये.

आणि आपण? कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. किती पालकांना आपण तिचे सदस्य आहोत हे माहीत असते? कोऱ्या कागदावर सही करून घरी येणारी आई ही त्या शाळेची मालकीण आहे, हे तिला कोण सांगणार? १४ एप्रिलला आपल्या चाळीचाळीत मंडळे जयंतीचे नियोजन किती काटेकोर करतात! त्याच मंडळांनी जून महिन्यात वस्तीतल्या महापालिका शाळेत जावे. मुख्याध्यापक पूर्णवेळ आहेत की प्रभारी, किती शिक्षक बाहेरच्या कामावर आहेत, चौथीतली किती मुले वाचू शकतात, एवढे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे फलकावर लिहून चाळीच्या दारात लावावीत. मुख्याध्यापक धडपडणारा असेल तर वॉर्ड ऑफिसात त्याच्या बाजूने उभे राहावे. तो खुर्ची उबवणारा असेल तर त्याला उठवावे.

बाबासाहेबांनी ‘शिका’ हा शब्द आपल्या त्रिसूत्रीत सर्वांत आधी ठेवला. १९२७ साली त्यांनी मोजलेली ती ब्याऐंशी मुले आज चौथी पास होऊन बाहेर पडतात आणि तरी वाचू शकत नाहीत, हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहत राहणार काय? परळ-लालबागच्या ज्या शाळेत अजून एक जरी वर्ग भरतो आहे, तिथे जाऊन या वर्षीच्या जूनमध्ये पहिला प्रश्न विचारा की, या शाळेचा मुख्याध्यापक कोण आहे, आणि तो आज कोणाच्या वर्गात जाऊन बसला होता.